वळणाचा जिना आणि मॉरीनची खुर्ची

आमच्या जिन्याला वळण आहे. आळीतल्या बाकी घरांतले जिने सरळ आहेत, दार उघडलं की शिडीसारखे समोर उभे. आमचा मात्र खालून निघतो, थोडा सरळ चालतो, मग काहीतरी आठवल्यासारखा डावीकडे वळतो आणि वर पोचेपर्यंत वळतच राहतो. कठड्याच्या तळाशी एक जाड खांब आहे आणि त्याच्या डोक्यावर लाकडात कोरलेला अननस. घर बांधलं होतं लोकरीच्या गिरणीच्या मॅनेजरसाठी. गिरणी गेली, मॅनेजर गेला, अननस राहिला. पाहुणा आला की त्याने अंगातला ओला कोट काढायच्या आत मी त्याला जिना दाखवत असे. निवृत्त हेडमास्तराकडे दाखवण्यासारखं तसं फार काही नसतं.

या वळणाने आमचं काय केलं ते आता सांगतो. नीट सांगतो, घाई करणार नाही. वर्गात मी म्हणायचो की ज्याला गोष्ट लवकर संपायला हवी असेल त्याने गणिताची वही काढावी. मग सगळे शांत बसत.

माझी बायको मॉरीन हिचा खुबा कुरकुरायला लागला. ती स्वतः कुरकुरली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. आमच्या या यॉर्कशरच्या खोऱ्यात कुरकुर करणं हे चोरीच्या जरा वर आणि खुनाच्या जरा खाली मानतात. कुणी विचारलं कसं काय, तर उत्तर एकच, ‘तसं ठीक आहे.’ पाय मोडलेला असो, छप्पर उडालेलं असो. मी एका अंत्यविधीला नवरा गेलेल्या बाईला म्हणताना ऐकलंय, ‘तसं ठीक आहे, पाऊस तेवढा नको होता.’

आमची मुलगी अ‍ॅलिसन समुद्रकाठी राहते आणि दर रविवारी फोन करते.

“आई कशी आहे?”

“ठीक आहे.”

“आणि जिना चढते ना नीट?”

“जिनाही ठीक आहे,” मी सांगायचो.

मग एकदा ती न कळवता आली. तिने दार उघडलं तर समोर तिची आई जिन्यावरून उलटी उतरत होती, रांगत्या मुलासारखी, हातापायांवर, दातात धूळ पुसायचं फडकं धरून.

“काय करतेस आई?”

मॉरीनने फडकं दातातून काढलं. “पुसत होते,” ती म्हणाली.

चहा झाला आणि चहाच्या दुसऱ्या कपाला हेही बाहेर आलं की जानेवारीत मॉरीन याच जिन्यावर घसरून पडली होती आणि आम्ही दोघांनी ते अ‍ॅलिसनला सांगितलं नव्हतं. अ‍ॅलिसन ओरडली नाही. ती माझ्या हाताखाली शिकलेली आहे, ती ओरडण्याऐवजी मुद्दे मांडते. तिच्या शेजारचं छोटं बैठं घर रिकामं होत होतं. ना जिना, ना पायरी. मालकाने ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. “तोवर आईची वर जायची नीट सोय झाली तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर बैठं घर. आणि तोवर आईने जिन्याला पाय लावायचा नाही.” असं म्हणून तिने मॉरीनचं अंथरूण पुढच्या खोलीत आणून टाकलं.

आमची पुढची खोली नाताळसाठी आणि घरात कुणी गेलं तर शवपेटी ठेवण्यासाठी राखलेली असते. मॉरीन तिथे चांगल्या कपबशांच्या कपाटाकडे बघत पडून राहू लागली. खिडकीतून दिसायचं फक्त कुंपणाचं झुडूप. वरच्या तिच्या खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. मी त्या शाळेचा हेडमास्तर होतो आणि मॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरात. मी मुलांना त्यांच्या शुद्धलेखनावरून ओळखतो, ती त्यांनी ताटात काय टाकलं यावरून. आम्ही दोघं निवृत्त झालो, पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती वरच्या खिडकीत जाऊन उभी राहायची आणि मुलंही वर बघून हात हलवायची. समुद्रकाठच्या त्या बैठ्या घरासमोर फक्त कार ठेवायची जागा आहे. मी एकदा विचारलं, “तुला तिथे जायचंय का?” ती म्हणाली, “तसं ठीक असेल.” आमच्याकडे याचा अर्थ ज्याला कळतो त्याला कळतो.

म्हणून मी ठरवलं की जिन्यावर खुर्ची बसवायची. कळ दाबली की रुळावरून माणसाला बसल्या बसल्या वर नेते ती.

ही बातमी भिंतीपलीकडे डेरेक ऑग्डनला कळायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. डेरेक जन्मभर दगडाच्या खाणीत होता आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्या छपरीत एक अवजार आहे.

“कशाला हवी खुर्चीबिर्ची, मास्तर,” तो म्हणाला. “गिरणीत लोकरीच्या गाठी वर चढवायची कप्पी आहे माझ्याकडे. वरच्या खिडकीत ठोकू. मॉरीन काही गाठीपेक्षा जड नाही.”

“किती हलकी, डेरेक?” मॉरीनने पुढच्या खोलीतून विचारलं.

डेरेकने विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तो हातगाडीवर त्याच्या कैलासवासी आईची खुर्ची घेऊन आला. चांगली होती, चालूही होती, पण तिचा रूळ होता सरळ. डेरेकने तो आमच्या जिन्याला लावून पाहिला, मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला, आणि म्हणाला, “खुर्चीत काही दोष नाही. जिना चुकलाय.”

“जिना बरोबर आहे,” मी म्हणालो.

“ते वळण काढून टाक. लाकूड मला दे.”

अननसासमोर उभं राहून कुणी असं बोलेल हे मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी त्याला चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही. डेरेकची बायको बेरिल मग एकटी येऊन सांगून गेली की तिच्या मावशीची खुर्ची वीज गेल्यावर अर्ध्यात थांबली, आणि मावशीने तिथेच बसून अख्खा स्वेटर विणला. “चांगला झाला स्वेटर,” बेरिल म्हणाली. “गळा जरा सैल.”

आता थोडं शिकवतो. सरळ जिन्याचा रूळ म्हणजे पट्टी, दुकानात तयार मिळते. वळणाच्या जिन्याचा रूळ म्हणजे सही, प्रत्येकाची वेगळी. तो त्या एकाच जिन्यासाठी वाकवून करावा लागतो आणि दुसऱ्या कुठल्याही घरात त्याचा उपयोग शून्य. हे कळल्यावर माझी छाती थोडी फुगली, हे लपवण्यात अर्थ नाही.

लीड्सला एका मोठ्या दुकानात खुर्ची निवडायला आम्ही गेलो. दुकानात जिनेच जिने होते आणि एकही कुठे जात नव्हता. सगळे छताला जाऊन थांबत होते. त्यांवरून म्हातारी माणसं खुर्चीत बसून गंभीर चेहऱ्याने वर जाऊन छताला टेकत आणि तशीच परत खाली येत होती. विक्रेतीने विचारलं, रूळ वळणाच्या आतल्या बाजूने हवा की बाहेरच्या? शर्यतीचं मैदान डोळ्यांसमोर आणा. आतली वाट आखूड पण वळण घट्ट. बाहेरची वाट लांब पण वळण सैल, बसणाऱ्याला आराम. मी म्हणालो, बाहेरची.

“आतली,” मॉरीन म्हणाली.

“आतल्या वळणावर तुझे गुडघे आवळतील.”

“आणि बाहेरची घेतली तर तुला पायऱ्यांच्या निमुळत्या टोकावरून चालावं लागेल. तुझे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. मग या बाईंकडून दोन खुर्च्या घ्याव्या लागतील.”

विक्रेतीला दोन खुर्च्यांची कल्पना आवडलेली दिसली. आम्ही आतली बाजू लिहून दिली. रंग दोनच होते, उकडलेल्या कोबीचा आणि भिजलेल्या बिस्किटाचा. बिस्किट घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमचं घर जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत आहे, आणि तेही जिन्यामुळेच. अशा घरात खिळा मारायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते. मी नगरपालिकेत गेलो आणि पाटी वाचून निर्धास्त झालो. वारसा विभागाची अधिकारी होती जोआन होलरॉइड. माझी विद्यार्थिनी.

जोआनची एक आठवण सांगायलाच हवी. शाळेत मी नियम केला होता की व्हरांड्यातून डाव्या हाताने चालायचं. एकदा मी घाईत उजवीकडून चाललो होतो. आठ वर्षांची जोआन समोर येऊन उभी राहिली. हटेना. “सर, डावीकडून,” म्हणाली. सगळी शाळा बघत होती. मी डावीकडे गेलो आणि प्रार्थनेच्या वेळी तिला सोनेरी चांदणी दिली. नियम हेडमास्तरालाही असतो, असं त्या दिवशी मी मुलांना पुष्कळ वेळ समजावलं. किती छान बोललो होतो. आता वाटतं, जरा कमी बोलायला हवं होतं.

ती घरी येऊन टेप लावून मोजून गेली आणि खुर्चीचा पहिला आराखडा परत पाठवला. मी तिच्या टेबलासमोर जाऊन बसलो.

“जोआन, आपण एकमेकांना ओळखतो.”

“हो सर. तसं मी फाइलवर लिहिलंय.”

“लिहिलंयस?”

“ओळख असली तर लिहावं लागतं.” मग तिने अटी सांगितल्या. कठड्याला स्क्रू नाही, भिंतीला स्क्रू नाही, फक्त पायऱ्यांना. अननसाच्या खांबापासून वीतभर अंतरात रुळाला टेकू देणारा एकही लोखंडी पाय नाही. आणि ती येऊन तपासून सही करीपर्यंत कुणी खुर्चीवर बसायचं नाही. “कुणी म्हणजे कुणी, सर.”

मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. भिंतीपलीकडे डेरेकला सांगायला लागलो, “मी म्हणालो ओळख आहे, तर म्हणते तसं फाइलवर लिहिलंय. एक इंच सोडत नाही. एक शब्द गाळत नाही. अक्षर बघ कसं आहे, प्रत्येक पाय ओळीवर टेकलेला...” आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी तक्रार करत नसून फुशारकी मारतोय.

“बीट न खाणारी ना ती?” मॉरीनने आतून विचारलं. “कधी लपवलं नाही तिने. बाकीची मुलं रुमालात गुंडाळायची. ती ताट तसंच पुढे करायची.”

मग आला क्रेग. कंपनीचा माणूस, मोजणारा तोच आणि बसवणारा तोच. तो डोंगराच्या पलीकडचा, म्हणजे लँकशरचा होता, आमच्या यॉर्कशरशी ज्यांचं पिढ्यान्पिढ्यांचं वाकडं, पण आम्ही त्याला ते जाणवू दिलं नाही. वळणाच्या जिन्याचं माप टेपने घेत नाहीत. पायरीपायरीवर खुणांचे स्टिकर चिकटवायचे, सगळीकडून फोटो काढायचे, आणि त्या फोटोंवरून कारखान्यात रूळ वाकवायचा. क्रेगने सगळे स्टिकर लावले, थोडे फोटो काढले आणि कपाळ पुसलं. घरात कामाला आलेल्या माणसाला आमच्याकडे चहाशिवाय अर्धा तासही काम करू देत नाहीत. मी त्याला स्वयंपाकघरात बसवून आलो.

“जेफ्री,” मॉरीन हळूच म्हणाली. ती जिन्याच्या तळाशी काठी टेकून उभी होती. “वळणावर कोपऱ्यात धूळ आहे. फोटोत येईल.”

“कारखान्यात कोण बघतंय?”

“कारखान्यात माणसंच असतात.”

खरं होतं. मी फडकं घेऊन वर गेलो. धूळ पुसायची तर स्टिकर उचलणं आलं. उचलले, पुसलं आणि परत लावले. लावताना दिसलं की क्रेगने ते कसेही चिकटवले होते, एक तिरका, एक कलंडलेला, दोघांत अंतर सारखं नाही. ज्याने आयुष्यभर वह्यांचे समास सरळ करून घेतले त्याच्याकडून असं बघवत नाही. मी ते पायरीच्या कडेला समांतर, एका ओळीत, सारख्या अंतरावर लावले. खालून मॉरीन सांगत होती, “वरचा जरा डावीकडे. हां.” फार सुबक झालं.

क्रेग चहा पिऊन आला. “काही हललं नाही ना इथलं?”

“नाही, सगळं ठीक आहे,” आम्ही एका सुरात म्हणालो.

त्याने उरलेले फोटो काढले.

काही आठवड्यांनी रूळ आला. क्रेगने खालपासून बसवायला सुरुवात केली आणि रूळ पायऱ्यांवरून जात जात वळणावर जरा चमकल्यासारखा झाला, मग जिन्याचा नाद सोडून थेट वरच्या चादरी-टॉवेलांच्या कपाटात शिरला. आम्ही तिघेही बघत उभे राहिलो.

“कसं वाटतंय?” क्रेगने विचारलं.

माणूस एवढ्या लांबून डोंगर ओलांडून आला होता. तोंडावर कसं सांगायचं? “छान,” मी म्हणालो. “वेगळं आहे.”

“टॉवेल हाताशी येतील,” मॉरीन खालून म्हणाली.

“तसं वाईट नाही,” क्रेग म्हणाला. डोंगरापलीकडेही हीच पद्धत आहे हे मला नव्याने कळलं. मी चहा टाकायला निघालो. आणि आम्ही त्या दिवशी तो रूळ तसाच ठेवून एकमेकांचे आभार मानून मोकळे झालो असतो, पण तो गुरुवार होता. गुरुवारी शाळा सुटल्यावर वाचनात मागे पडलेली मुलं माझ्याकडे येतात. ती दारातून आत आली, वर बघितलं, आणि एकजात पोट धरून हसत सुटली. वाचता येत नाही म्हणून पाठवलेली मुलं, पण रूळ त्यांनी पहिल्या नजरेत वाचला.

“मला वाटतं,” क्रेग सावकाश म्हणाला, “थोडं चुकलंय.”

त्याने फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या फोटोत स्टिकर तिरका. दुसऱ्यात तोच स्टिकर सावधान.

“हे कुणी केलं?”

“तिरके होते,” मी म्हणालो. “मी ते नीट केले.”

क्रेगने फोटो गोळा केले. त्याने दुसऱ्या कपात साखर जास्त घातली एवढंच.

रूळ पुन्हा वाकवायला गेला. इकडे ईस्टर जवळ येत चाललं. अ‍ॅलिसनचे फोन येत. “कसं चाललंय?” “ठीक चाललंय.” यावर ती “नक्की?” विचारायची. त्या ‘नक्की’त जानेवारी असायचा. मॉरीनने कुंपणाच्या झुडपावर येणाऱ्या चिमण्यांना आमच्या जुन्या मुलांची नावं द्यायला सुरुवात केली होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. नुसत्या आवाजावरून तिला काही ओळखू येत नसे.

दुसरा रूळ ईस्टरच्या आधीच्या बुधवारी आला आणि बसला. काय बसला म्हणून सांगू. वळणाबरोबर वळला, चढाबरोबर चढला, वर जाऊन शहाण्यासारखा दाराजवळ थांबला. फक्त एक गोष्ट झाली. खालच्या ज्या पायरीवर रुळाचा एक पाय यायचा होता तिचं लाकूड आतून पोकळ निघालं. क्रेगने तो पाय एक पायरी खाली घेतला, अननसाच्या खांबाच्या बाजूला. “वीतभरात बोटभर कमी पडतंय,” तो म्हणाला. “वरच्या पायरीवर न्यायचा तर मोठा पाय आणावा लागेल. मंगळवारी आणतो. मजबुतीला काही धक्का नाही.” आणि तो ईस्टरच्या सुट्टीला निघून गेला.

गुरुवारी दुपारी जोआन तपासायला येणार होती आणि अ‍ॅलिसनही. संध्याकाळी बैठ्या घराच्या मालकाला उत्तर द्यायचं होतं.

मी पुष्कळ विचार केला. खोटं बोलायचा माझा मुळीच इरादा नव्हता. मी फक्त उभा राहणार होतो. जोआन यायच्या जरा आधी मी सपाता घालून त्या पायासमोर जाऊन उभा राहिलो, एक हात अननसावर, घरमालक जसा उभा राहतो तसा.

जोआनने वरपासून सुरुवात केली. कठडा बघितला, भिंत बघितली, गुडघ्यावर बसून एकेक पाय मोजत खाली आली. अ‍ॅलिसन फोन हातात धरून दारात उभी होती. मॉरीन जिन्याजवळ साध्या खुर्चीवर, अंगात चांगला ब्लाउज.

“सर, जरा बाजूला होता?”

“इथे बरं वाटतं मला,” मी म्हणालो. “वारा लागतो.”

“दार बंद आहे, बाबा,” अ‍ॅलिसन म्हणाली.

जोआनने टेप लांब करून माझ्या डाव्या बाजूने बघितलं. मी डावीकडे सरकलो. तिने उजवीकडून बघितलं. मी ताठ उभा राहिलो. मला आतून आशा वाटत होती की ती उठेल आणि सही करेल. आणि तेवढ्याच आतून भीती वाटत होती की ती खरंच तसं करेल.

“जोआन,” मॉरीन म्हणाली, “त्याच्या सपातांच्या मागे बघ, पोरी. तिथला पाय बोटभर जवळ आहे. तू यायच्या आधीपासून तो तिथे उभा आहे.”

माझा हात अननसावरून खाली आला. मी बाजूला झालो. मी दुसरं काय करणार होतो?

जोआनने मोजलं. “बोटभर कमी,” ती म्हणाली. “सही नाही करता येणार. पाय सरकला की मी मंगळवारी येईन.”

“मंगळवारी,” मी म्हणालो. मंगळवारपर्यंत ते घर कुणी थांबवून ठेवणार नव्हतं. “मॉरीन, कशाला बोललीस?”

“ती माझी खिडकी आहे,” मॉरीन म्हणाली. “तिच्यात उभं राहून मी मुलांकडे बघणार आणि मुलं माझ्याकडे. मला तिथे लपवाछपवी करून जायचं नाही.”

अ‍ॅलिसन येऊन खालच्या पायरीवर बसली. फोन तिने मांडीवर पालथा ठेवला.

“जानेवारीत पडलीस तेव्हा बोलली नाहीस.”

“बोलले असते तर तू नेलं असतंस.”

“आणि आज बोललीस तर नेणार नाही असं वाटलं?”

“नेशील असंच वाटलं.”

“तरी बोललीस.”

“हो,” मॉरीन म्हणाली. “आणि सांगतेच आहे तर ऐक. खुबा रात्री फार दुखतो. पुढची खोली थडग्यासारखी गार आहे. आणि समुद्र मला कधीच आवडला नाही, नुसतं पाणी.”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मॉरीनच्या तोंडून एका दमात तीन तक्रारी मी कधी ऐकल्या नव्हत्या. अ‍ॅलिसनने मांडीवरचा फोन उचलला. मग उठली, दाराबाहेर पायरीवर गेली आणि फोन लावला. दार उघडंच होतं. “नाही, नको आहे,” ती सांगत होती. “दुसरं कुणी बघा. नाही, आई बरी नाही. खुबा दुखतो तिचा. म्हणूनच नको आहे.” त्या माणसाला काय कळलं असेल देव जाणे.

आत येऊन तिने आईच्या खांद्यावर शाल टाकली. “घराची भीती नव्हती मला,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं ‘ठीक आहे’ म्हणता त्याची होती.”

जोआन टेप गुंडाळत होती. “मला पाय दिसला होता, सर,” ती म्हणाली. “प्रार्थनेला तुम्ही इतके ताठ कधी उभे राहिला नव्हता.”

“आणि मी हललोच नसतो तर?”

“मी तुम्हाला उचललं असतं.”

मी तिच्याकडे बघितलं आणि माझी खात्री पटली की तिने उचललं असतं. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात. एकाच वेळी तोंडावर आपटल्यासारखंही वाटत होतं आणि सोनेरी चांदणी मिळाल्यासारखंही.

“बीट खातेस का आता?” मॉरीनने तिला विचारलं.

“नाही.”

“बरं,” मॉरीन म्हणाली आणि तिला आल्याच्या केकचा मोठा तुकडा कापून दिला.

मंगळवारी क्रेगने पाय सरकवला. मी स्वयंपाकघरात हात पाठीमागे बांधून बसलो होतो, कशालाही हात लावू नये म्हणून. जोआनने मोजलं आणि सही केली. डेरेक आणि बेरिल बघायला आले. बेरिलने मॉरीनला विणायच्या सुया देऊ केल्या, गरज पडली तर म्हणून. मॉरीन बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि कळ दाबली.

खुर्ची निघाली. जगात इतकं सावकाश जाणारं वाहन मी पाहिलं नाही. मी तिच्या शेजारून पायऱ्यांच्या रुंद भागावरून चढत होतो. मॉरीनने माझ्यासाठी राखलेला भाग. एरवी माझ्या गुडघ्यांमुळे मी सगळ्यांच्या मागे राहतो, पण या खुर्चीच्या चालीशी माझे गुडघे अगदी बरोबर जुळले. ती एक पायरी, मी एक पायरी. वळणावर खुर्ची वळली, मीही वळलो. डेरेकने टोपी काढली. आम्ही दोघं बरोबर वर पोचलो.

ती उतरली आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेली. समोर मधली सुट्टी चालू होती, आवाज वरपर्यंत येत होता. मला वाटलं ती आधी खिडकीशी जाईल. ती पलंगाशी थांबली. इतके आठवडे त्या खोलीत मी एकटा झोपत होतो.

“जेफ्री,” ती म्हणाली, “ही चादर कधीपासून आहे?”

मी दारातच उभा राहिलो.

“आणि हे उशीखाली काय, टोस्ट? पडद्याच्या कड्या कुणी तोडल्या? खिडकीची काच बघ, यातून कुणाला पोरं दिसणार आहेत?” तिने बाहीने काच पुसली, बाहेर बघत हात हलवला आणि मागे वळून न बघता पुढे बोलत राहिली. कपाट, मोजे, कोपऱ्यातला कप, एकेक करून सगळं. मी एकही मुद्दा खोडून काढला नाही. मी फक्त जिन्याकडे वळून खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना हळूच म्हणालो, “ऐकलंत? वर पोचली.”